कंपनी कुठं चालली

मला आजही दुकानाच्या काचेत हातात धरून खेळायचा गेम दिसला की मी पुढे पाऊल उचलते. मागे एकदा भाचा हटून बसला, मावशी हाच पाहिजे म्हणून. मी त्याला म्हटलं, बॅट घे, कॅरम घे, हे सोडून काय पाहिजे ते माग. त्याने तोंड फुगवलं आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की मावशी कंजूस आहे. असू दे. असले गेम मावशीने एकेकाळी स्वतःच्या हातांनी जोडलेत आणि त्यांच्यापायी एका भल्या बाईचं वाटोळं केलंय, हे दहा वर्षांच्या पोराला कसं सांगू?

गोष्ट नव्वद सालानंतरची, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली. मी मुरबे गावची. बाबांची बोट होती, आई सुके बोंबील घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. मी दहावी पास झाले तेव्हा आईने टोपलीकडे बोट दाखवलं आणि मी मान फिरवली. मला माशाच्या वासाची लाज नव्हती, आजही नाही. पण बाजारात बसून दिवसभर गिऱ्हाईकाशी घासाघीस करायचा मला भयंकर कंटाळा. माझं तोंड फटकळ, दोन दिवसांत सगळी गिऱ्हाइकं पळवली असती. म्हणून ओळखीने या कंपनीत चिकटले.

कंपनी टीव्ही गेम बनवायची. काळा डबा, तो टीव्हीला जोडायचा, त्याला वायरने लटकणारे दोन हॅण्डल आणि वरच्या खाचेत बसवायच्या कॅसेटी. प्रत्येक कॅसेटमध्ये वेगळे खेळ. आतले भाग कुठून तरी परदेशातून यायचे, बाहेरचं प्लास्टिक आमच्याच आवारातल्या मोल्डिंगच्या शेडमध्ये निघायचं आणि जोडणी आम्ही पन्नासेक बायका करायचो. माझ्याकडे हॅण्डलच्या वायरी सोल्डर करायचं काम होतं. मजा म्हणजे आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी टीव्हीच नव्हता. टेस्टिंगच्या टेबलावर जो काय खेळ बघायला मिळे तेवढाच.

माझ्या शेजारच्या स्टुलावर पाम गावची एक बाई बसायची. तिला सगळ्या वहिनी म्हणायच्या, मीही म्हणायचे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. पहिल्याच दिवशी मी बोट भाजून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिने माझा हात धरून नळाखाली नेला आणि म्हणाली, "रडू नको गो. आठ दिवसांत बोटाला अक्कल येते." खरंच आली. सोल्डरचा थेंब किती घ्यायचा, वायर किती वेळ धरायची, श्वास कधी सोडायचा, सगळं तिने शिकवलं. तिचा नवरा वसाहतीतल्याच दुसऱ्या एका कारखान्यात होता, शेडच्या पत्र्यावरून पडला आणि कंबरेतून गेला. तेव्हापासून तो खाटेवर आणि दोन मुली शाळेत. घरात कमावणारी हीच. हे ती कधी रडून सांगायची नाही. पण साहेब हॉलमध्ये आले की तिचा हात क्षणभर थांबायचा, ते मला दिसायचं.

साहेब पालघरचे. बोलायला मऊ, शाळामास्तरसारखे. कंपनीचे मालक मुंबईला, आम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. साहेब पंधरा दिवसांतून एकदा मुंबईला जायचे आणि आले की त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही पुढच्या पंधरा दिवसांचं भविष्य काढायचो.

एका दिवाळीनंतर ते असेच मुंबईहून आले आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पिशवीतून एक राखाडी रंगाची वस्तू काढून टेबलावर ठेवली. साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. वर इवलीशी काच, खाली बटणं, पाठीमागे दोन सेल. बटण दाबलं की काचेवर काळ्या विटा वरून खाली पडायच्या. टीव्ही नको, वायर नको, लाईट नको.

"कसा वाटतो?" साहेबांनी विचारलं.

आम्ही सगळ्या त्या टेबलाभोवती गोळा झालो. एकेकीने हातात घेऊन बघितला. कुणी हसलं, कुणी पटापट विटा पाडल्या. वहिनीच्या हातात आला तेव्हा तिने खेळ बघितलाच नाही. तिने तो उलटा केला, कानाशी धरून हलवला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "याला हॅण्डल नाय."

हॅण्डल नाही म्हणजे वायर नाही. वायर नाही म्हणजे आम्ही दोघी नाही.

त्या दिवसापासून जीव टांगणीला लागला तो लागलाच. चहाच्या सुट्टीत, डबा खाताना, एसटीची वाट बघताना एकच विषय. कंपनी आता काय करणार? टीव्ही गेम बंद करून नुसता हातातला गेम काढणार, का दोन्ही चालवणार, का हातातला नुसता दाखवायला आणला होता? हॉलमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या, टीव्हीवाल्या आणि हातवाल्या. भांडणं अशी व्हायची की निवडणुकीत होणार नाहीत.

हातवाल्या म्हणायच्या, अगं सालवडला एका चाळीत टीव्ही किती? तोही कुणाचा तरी, आणि गेम लावायचा म्हणजे त्याच्या मालकाची बोलणी खायची. वर लाईट कधी जाईल नेम नाही. हा गेम खिशात टाकला की चालला. टीव्हीवाल्या म्हणायच्या, पण खेळायला दोघं लागतात ना? एकट्याने कोपऱ्यात बसून विटा पाडायच्या, ह्यात कसली मजा? टीव्हीवर घरचे सगळे बघतात, ओरडतात. पॅकिंगमधली सालवडची एक पोरगी तर म्हणाली, असा गेम काढतील की बाहेर हातात खेळायचा आणि घरी आलं की टीव्हीला लावायचा. आम्ही सगळ्या इतक्या हसलो की तिला ठसका लागला. पुढे किती तरी वर्षांनी तसं खरंच निघालं म्हणे, भाच्याने सांगितलं. ती पोरगी आज कुठे असेल देव जाणे, पण मुंबईच्या ऑफिसात तिला बसवायला हवं होतं.

मी टीव्हीवाल्यांची पुढारी. आणि माझं म्हणणं सगळ्यांत वजनदार होतं, असं मला वाटायचं. मी म्हणायचे, डबा एकदा विकला की संपलं, पण कॅसेटी? एक पोर डबा घेतं आणि मग दर वाढदिवसाला नवी कॅसेट मागतं. कंपनी डब्यावर नाही, कॅसेटीवर जगते. ह्या हातातल्याला खाच कुठे आहे? जे काय खेळ ते आतच. एकदा विकला की गिऱ्हाईक परत तोंड दाखवणार नाही. मुंबईवाले एवढे खुळे आहेत का? हे मी इतक्या ठसक्यात सांगायचे की हळूहळू सगळ्या मला विचारायला लागल्या. "काय गो, आज काय दिसतंय?" आणि मला, मेलीला, ते आवडायला लागलं.

कारण मी नुसती बडबड करत नव्हते, खुणा बघत होते. बाबा समुद्रावर पाण्याचा रंग बघायचे, पक्षी कुठे बसलेत ते बघायचे, तसं मी कंपनीचं बघायला लागले. गेटातून टेम्पो आला की त्यात काय आहे, खोकी केवढी आहेत, मोल्डिंगच्या शेडकडे कुठल्या रंगाच्या दाण्याच्या गोणी जातायत. दाणा म्हणजे प्लास्टिकचा, तो वितळवून डबे काढायचे. काळा दाणा आमच्या डब्याचा. राखाडी दाणा येतो का, यावर मी डोळा ठेवून होते. महिने गेले तरी एकही राखाडी गोण आली नाही आणि मी रोज जाहीर करायचे, बघा, काही नाही होत.

बाबांना मी एकदा सकाळी जाळं विणताना विचारलं होतं, पाण्याचा रंग बघून कसं कळतं हो तुम्हाला? ते म्हणाले, "कळते कसला? वाटते. रंग बघून मी दुसऱ्या बोटींना हाक मारत नाय. आदी जाळं टाकतो, मंग हाक." मी त्यातलं ‘वाटते’ तेवढं धरलं आणि उठून एसटी पकडायला गेले.

आता कुणी विचारेल, एवढ्या पन्नास बायका, महिनेच्या महिने तर्क करत बसलात, एकीने साहेबांना जाऊन विचारलं का नाही? हाच प्रश्न मोल्डिंगचा मिस्त्री आम्हाला रोज विचारायचा. तो उत्तरेकडचा, साचे सांभाळायचा, दुपारी आमच्याच हॉलच्या पायरीवर डबा खायला बसायचा. "अरे पूछ लो ना साहब से, पेट में क्यों रखा है?" मी म्हणायचे, तूच विचार. तो म्हणायचा, "मैं तो ठेकेदार का आदमी हूँ। मुझे कौन बताएगा? तुम लोग कंपनी की हो।"

त्याला कसं समजवायचं? आमच्याकडे निघालेल्या माणसाला ‘कुठं’ विचारत नाहीत. बाबा बोटीवर निघाले की आई दारात उभी राहून फक्त "या" म्हणायची. कुठल्या दिशेला, किती लांब, कधी येणार, एक अक्षर नाही. एकदा मी लहान असताना मागून ओरडले होते, बाबा कुठं चालले? बाबा परत फिरले, जाळं खाली ठेवलं आणि त्या दिवशी बोट काढलीच नाही. आईने मला असलं बदडलं की ते ‘कुठं’ माझ्या जिभेवर परत कधी आलं नाही. पामलाही तेच. वहिनीची सासू तर मुली शाळेला निघाल्या तरी कुणाला विचारू द्यायची नाही. आणि हॉलमधल्या बायकांचं म्हणणं असं पडलं की कंपनी आता निघालीय, मुंबईवाल्यांनी काहीतरी मनात धरलंय, आपण मधेच ‘कुठं’ म्हणून टोकलं तर जे बरं व्हायचं तेही फिसकटेल. हे कुणी मोठ्याने ठरवलं नव्हतं. पण एकीने विषय काढला की दुसरी लगेच म्हणायची, "नको गो, टोकू नको." मीही तेच म्हणायचे. दहावी पास असून.

होळीच्या आधी हॉलच्या एका कोपऱ्यात प्लायवूड ठोकून छोटी खोली केली. दाराला निळा पडदा. आत चार टेबलं, वर जास्तीच्या ट्यूबलाइटी. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब आले आणि म्हणाले, नवीन कामासाठी काही जणी लागतील. काम बारीक आहे, काच बसवायची, रबराची पट्टी बसवायची, आधी शिकवणार. ज्यांना यायचं असेल त्यांनी सोमवारी मला सांगा, मी नावं घेऊन मुंबईला जाणार आहे. एवढं बोलून ते उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आता मला वाटतं, कुणीतरी उठून मागोमाग येईल म्हणून उभे होते. आम्ही सगळ्या खाली मान घालून सोल्डर करत होतो, ज्यांच्या हातात वायर नव्हती त्यासुद्धा.

त्या दिवशी घरी जाताना वहिनी एसटीच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आली. एरवी ती पामच्या वाटेला लागायची. म्हणाली, "तू सांग. जाऊ का नको?"

"मी काय सांगू वहिनी?"

"तुलाच कळते. मला काय कळते? तिकडं गेले आणि ती खोली बंद पडली तर परत इकडं जागा मिळेल? आणि इकडं राहिले आणि हे बंद पडलं तर?" ती थांब्याच्या खांबाला टेकली. "मला घरी विचाराय कोणी नाय गो. तो म्हणतो, तुला काय वाटते ते कर. मला भ्या वाटते, एवढंच वाटते."

मी म्हटलं, दोन दिवस थांब. बघते.

आणि शनिवारी दुपारी टेम्पो आला. मी खिडकीतून बघितलं. गोणी उतरवल्या त्या सगळ्या काळ्या दाण्याच्या. एवढा काळा दाणा मी आजपर्यंत एकदम आलेला बघितला नव्हता. शेडच्या भिंतीला पार वरपर्यंत थप्पी लागली. मला इतका आनंद झाला की मी उठून वहिनीच्या पाठीत थाप मारली. "वहिनी, काळा! सगळा काळा! आपला डबा चालणार, वर्षभर चालणार. तू कुठे जाऊ नको." ती बघायला खिडकीपर्यंतही आली नाही. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हात छातीशी धरले. मग हसली. मी तिला तशी हसताना क्वचितच पाहिलं होतं.

सोमवारी साहेब वही घेऊन टेबलाटेबलाशी आले. वहिनीला विचारलं, "तुमचा हात चांगला आहे, येणार का तिकडे?" तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती म्हणाली, "नाय साहेब, मी हितंच बरी." मला विचारलं, मीही नाही म्हटलं, तेही मोठ्या तोऱ्यात.

जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री पायरीवर डबा खात होता. मी त्याला चिडवायला म्हटलं, काय मिस्त्री, टीव्हीवाला बंद व्हायचा असता तर एवढा काळा दाणा कशाला आणला असता? त्याने तोंडातला घास गिळला. म्हणाला, "छोटी मशीन पे डालने को बोला है। नया साँचा आया है ना।"

छोटं मशीन. आमचा डबा मोठ्या मशीनवर निघायचा. छोट्यावर तो मावलाच नसता.

मी डबा तसाच टाकून उठले. राखाडी, राखाडी म्हणून मी चार महिने वाट बघत बसले होते. साहेबांनी आणलेला नमुना राखाडी होता म्हणून! त्यांनी रंग बदलला असेल, काळा केला असेल, हे ह्या टाळक्यात एकदाही आलं नाही. पण खात्री नव्हती. हॅण्डलची कवचं पण छोट्या मशीनवर निघायची ना? तीही काळीच. म्हणजे तसंही असू शकेल. विचारलं की कळणार होतं. एका वाक्यात कळणार होतं. मी ऑफिसकडे धावले. साहेब तिथे नव्हते. शिपाई म्हणाला, आत्ताच निघाले. मी तशीच गेटकडे.

साहेब रिक्षात बसत होते. एक पाय आत, हातात बॅग, बॅगेत ती वही. मला धापा टाकत आलेली बघून ते थांबले. "काय ग? काय झालं?"

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, साहेब, कंपनी कुठं चाललीय ते सांगा. आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले, खांद्यावरचं जाळं खाली ठेवणारे. माणूस निघालाय, एक पाय आत आहे. आत्ता ‘कुठं’ म्हटलं आणि मुंबईत काही वाईट ठरलं तर? माझ्यामुळे? साहेब थांबून राहिले. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं.

"काही नाही साहेब," मी म्हटलं. "जाऊन या."

त्यांनी दुसरा पाय आत घेतला.

वहिनीला मी मिस्त्रीचं बोलणं सांगितलं नाही. साहेब येतील तेव्हा बघू, असं स्वतःला समजावलं. ते दहा दिवस आले नाहीत. त्या दहा दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. वहिनी मात्र कधी नव्हे ती गप्पा मारत होती, धाकटी कशी आता भराभर वाचायला लागलीय, पावसाआधी पडवीवर कौलं बदलायचीत. एकदोनदा मी म्हटलंही, वहिनी, परत विचार कर, साहेब आले की नाव दे. ती हसून म्हणाली, "आता तूच भितेस व्हय?" आणि मी पुढची वायर उचलली. माझा शहाणपणा मला माघारी घेता येईना. आज लिहितानाही कान तापतात.

साहेब आले त्या दिवशी फळ्यावर कागद लागला. टीव्ही गेमचं काम महिनाअखेर बंद. नव्या खात्यासाठी बारा जणींची नावं. सातवं नाव माझं. वहिनीचं नव्हतं.

मी आधी आनंदाने किंचाळायच्या बेतात होते, खोटं कशाला बोलू. मग तिच्याकडे बघितलं. ती कागद वरून खाली वाचत होती, बोट लावून, पुन्हा वरून खाली. तिला वाचायला वेळ लागायचा. सगळ्या जणी बाजूला झाल्या आणि ती एकटीच बोट लावून उभी.

मी साहेबांच्या खोलीत घुसले. परवानगी वगैरे काही नाही. म्हटलं, मी नाही म्हटलं होतं, माझं नाव कसं? माझं नाव काढा, वहिनीचं घाला. साहेब म्हणाले, असं करता येत नाही, यादी मुंबईला गेली. मग खुर्चीवरून उठून त्यांनी दार लावलं. "तुझं नाव मी घातलं, कारण तू गेटपर्यंत धावत आलीस. मला वाटलं, हिला यायचंय पण बोलायला लाजतेय. तिने मात्र स्पष्ट नाही म्हटलं. नवरा आजारी, नवीन काम झेपणार नाही असं असेल, म्हणून मी आग्रह केला नाही." मग म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायची मला मनाई होती ग. पण एकटीने येऊन कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. गेटवर मी थांबलो होतो ना?"

मला रडू आवरलं नाही. साहेबांचा राग आला, मुंबईवाल्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझाच. पन्नास बायका भविष्य सांगत होतो, आणि ज्याला माहीत होतं तो माणूस रोज आमच्यामधून चालत होता.

मी त्या निळ्या पडद्याच्या खोलीत गेले. जाणार नाही असं ठरवलं होतं, पण आई म्हणाली, तू नाही गेलीस तर तिला मिळेल का? नाही ना? मग जा. काम खरंच बारीक होतं. काच, रबर, चार स्क्रू, दोन सेल, आणि मग प्रत्येक गेम चालू करून थोडा वेळ खेळून बघायचा. काळाच होता, कवचापासून बटणांपर्यंत. पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास तोही बंद पडला. बाहेरून त्याहून स्वस्त माल यायला लागला, म्हणाले. तेव्हा आम्ही कुणी तर्क केले नाहीत. माल पडून राहायला लागल्यावर मी पहिल्याच आठवड्यात साहेबांकडे जाऊन विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तीन महिने आधी मी शिवणाचा क्लास लावला. पण ते नंतरचं.

वहिनीचा शेवटचा दिवस महिनाअखेरचा. तिने तिची वायर सोलायची सुरी, बोटाला गुंडाळायचा चिंधीचा तुकडा आणि स्टुलावरची उशी पिशवीत भरली. उशी तिने स्वतः शिवलेली. माझ्याशी ती त्या काळात वाकडं बोलली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एकदा जरी म्हणाली असती, तू बुडवलंस मला, तर मी पाय धरले असते. ती फक्त म्हणायची, "मीच विचारायला पायजे होतं. तोंड मला पण हाय."

सुटीची शिट्टी झाली आणि आम्ही दोघी गेटपर्यंत आलो. बाकीच्या पुढे गेल्या. समोर पामची वाट, उजवीकडे एसटीचा थांबा. ती पिशवी या हातातून त्या हातात घेत होती. मला विचारायचं होतं, आता काय करणार, दुसरीकडे कुठे बघितलंय का, शेतावर मजुरीला जाणार का, मुलींचं काय. ती निघाली. मी सवयीने म्हटलं, "ये वहिनी."

ती चार पावलं गेली आणि थांबली. वळली. डोळे कोरडे होते.

"विचार ना गो," ती म्हणाली. "कुठं चाललीस म्हणून विचार. आता कसली फिसकटायची भीती?"

ती उभीच राहिली, साहेब राहिले होते तशी. शेवटी मी विचारलं. माणूस निघालेला असताना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"कुठं चाललीस, वहिनी?"

"ठाव नाय," ती म्हणाली आणि पामच्या वाटेला लागली.